तीन नंबरचा कनेक्टर

"एक!"

खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून आण्णांचा आवाज आला. मी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. पहिला चौकोन लाल झाला होता.

"एक," मी म्हणाले.

"दोन!"

"दोन."

"तीन!"

"तीन."

"चार!"

"चार."

"लागलं की सगळं!" आण्णांनी कार्ड काढून खिशात टाकलं. "आता सही कुठं करायची ते दाव आणि चहा सांग. घसा कोरडा पडला."

"चार आकडे म्हणून घसा कोरडा पडतो होय आण्णा?"

"तुला काय कळतंय? परवा सावळजच्या मैदानात सत्तर जोड्या पुकारल्या. माईक बंद पडला तरी पुकारल्या."

हे खरं होतं. पारीस बिरनाळे, म्हणजे आमचे आण्णा, आठवडाभर कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कंपनीत टेस्टिंगचं काम करायचे आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या कुस्ती मैदानांत पैलवानांच्या जोड्या पुकारायचे. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण हलगीच्या वर आवाज चढायचा. कंपनीतली टेस्टची पद्धतही त्यांनी मैदानातूनच आणली होती. नाव पुकारलं की पैलवानानं हात वर करायचा, हात दिसल्याशिवाय जोड लागली असं म्हणायचं नाही. तसंच इथं. त्यांनी कार्ड घालून आकडा पुकारायचा, पडद्यासमोरच्या माणसानं पडदा बघून तोच आकडा परत द्यायचा. टेबल एका भिंतीला, पडदा समोरच्या भिंतीला, मध्ये लोखंडी कपाट. त्यांना पडदा दिसायचा नाही आणि मला बोर्ड दिसायचा नाही.

बोर्ड होता कोल्ड स्टोअरेजसाठी. तासगावच्या बाजूला बेदाणा ठेवायला मोठमोठी कोल्ड स्टोअरेज आहेत, त्यात थंडाव्यासाठी अमोनिया खेळवतात. तो गळला तर माणूस गुदमरतो, डोळे जातात. आमचा बोर्ड गळती कुठल्या खोलीत आहे ते सांगायचा. त्यावर एकसारखे चार कनेक्टर होते, प्रत्येकी सोळा पिनांचे, कुठल्या पिनेवर काय येणार हे ठरलेलं. चार खोल्या, चार कनेक्टर, प्रत्येकात एक कार्ड. कुठलंही कार्ड कुठल्याही कनेक्टरमध्ये चालावं ही त्यातली गंमत होती. कार्डावर एक लाल बटन असायचं. ते दाबलं की खरी गळती झाल्यासारखी खूण पिनेवर जायची.

यात माझं काम लिहिण्याचं होतं. तुम्ही संगणकाला पेनड्राइव्ह लावता तेव्हा तो स्वतःच आपलं नाव-गाव सांगतो. असल्या साध्या पिना काही सांगत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला आम्ही कर्नल म्हणतो, त्याला कळतच नाही की बोर्डावर काय कुठे जोडलंय. म्हणून एका फाइलीत कुणीतरी ते लिहून ठेवावं लागतं: कनेक्टर पहिला, त्याची गळतीची पिन प्रोसेसरच्या अमुक पायाला जाते, कनेक्टर दुसरा, तमुक पायाला. लिहिलेलं कर्नल खरं मानतो. जाऊन बघत नाही.

आधी लोक हे प्रत्येक कार्डासाठी वेगळं लिहायचे. मी ते कनेक्टरपुरतं एकदाच लिहिलं. कार्डानं फक्त कनेक्टरशी बोलायचं, पुढचा रस्ता कनेक्टरनं दाखवायचा. चोवीस वर्षांची होते आणि मला स्वतःचं फार कौतुक होतं. मगदूम साहेबांच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या, मागे लागून ती फाइल मी कर्नल सांभाळणाऱ्या जगभरातल्या लोकांकडे पाठवायला सुरुवात केली होती. ते लोक खवट. कुणी म्हणे नावं बदल, कुणी म्हणे ओळींचा क्रम बदल. सहा वेळा परत आली. कुपवाडच्या शेडमधल्या संज्योत कुरणेची, म्हणजे माझी, फाइल सातव्या वेळी कर्नलमध्ये जाणार होती. त्या टेस्टच्या दुपारी मी कॉलेजच्या मैत्रिणींना आधीच सांगून ठेवलं होतं.

बोर्ड आमच्याकडून गेला आणि तासगावजवळच्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये बसला.

मार्चमधली गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. मगदूम साहेब त्यांच्या केबिनमधून बाहेर आले.

"बिरनाळेंना मिरजेला नेलंय," ते म्हणाले. "गळती झाली."

आण्णा त्या दिवशी वार्षिक तपासणीला तिथं गेले होते. दोन आणि तीन नंबरच्या खोल्या एकाच लांब बोळावर उघडायच्या. बोळाच्या एका टोकाला दोन नंबर आणि त्याच्याजवळ बाहेर पडायचं दार, दुसऱ्या टोकाला तीन नंबर आणि तिथंही दार. मधोमध आण्णा आणि दोन हमाल होते. वास सगळीकडे पसरलेला, कुठून येतोय ते कळेना. ऑपरेटर दिनकर खरमाटे पॅनेलसमोर बसलेले. त्यांनी पॅनेल बघून आरोळी दिली, "दोन नंबर गळतीय! तीनकडनं भाईर पडा!" तिघं तीनकडे पळाले.

गळती तीनमध्ये होती.

आण्णांनी दोघा हमालांना दाराबाहेर ढकललं आणि स्वतः दाराशी पडले. हमालांच्या डोळ्यांची जळजळ आठवड्यात गेली. आण्णा वाचले. घशातलं मात्र सगळं भाजून निघालं होतं.

मिरजेच्या दवाखान्यात मी दुसऱ्या दिवशी गेले. आण्णांच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती. डोळ्यांवर पट्टी. त्यांच्या पत्नी, सुमनकाकी, बाकावर बसून होत्या. त्यांनी मला जवळ बसवलं.

"डॉक्टर म्हणत्यात, जीव वाचला हेच लई," काकी म्हणाल्या. "आवाजाचं काय सांगत न्हाईत. तू शिकलेली हाईस, तू इचार की त्यांना. परत येतोय का आवाज?"

तेवढ्यात आतून नर्सनं पुकारलं, "तीन नंबर!" खाट नंबर तीनचे नातेवाईक हवे होते.

"तीन," मी म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले. बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. काकींनी माझ्या हातावर हात ठेवला. मी हात ओढून घेतला आणि जिना उतरून खाली आले.

कंपनीत आले ती थेट ड्रॉइंगच्या फोल्डरकडे. बोर्डाच्या दुसऱ्या आवृत्तीत दोन आणि तीन नंबरच्या कनेक्टरच्या तारा एकमेकींवरून जात होत्या. तिसऱ्या आवृत्तीत डिझाइन करणाऱ्यानं त्या सरळ केल्या, म्हणजे दोनची तार तीनच्या जागी गेली आणि तीनची दोनच्या. नवं ड्रॉइंग मला मेलवर आलं होतं. मी उघडलंही होतं. पण फाइल आधीच लिहून झाली होती, सुंदर झाली होती, आणि जगभरातले लोक ती वाचत होते. त्यांतल्या कुणापाशी आमचा बोर्ड नव्हता. त्यांनी सगळं तपासलं, फक्त तार कुठे जाते ते त्यांना दिसणं शक्य नव्हतं. ते मला दिसायला हवं होतं.

मी मगदूम साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"किती ओळी आहेत?"

"दोन ओळी. अदलाबदल करायची."

"कर आणि सगळ्या बोर्डांत घाल. तिथला बोर्ड मी परत मागवतो. वार्षिक देखभाल म्हणून."

"आणि खरमाटे?"

साहेब काही खलनायक नव्हते. चाळीस माणसांचे पगार करताना त्यांचे केस गेले होते.

"कोल्ड स्टोअरेजवाल्यांनी त्याला आधीच घरी बसवलंय. म्हणतात, घाबरून तीनचं दोन वाचलं. आता आपण बोर्डच चुकीचा म्हटलं, तर पहिला प्रश्न काय येईल? बोर्ड तपासला कुणी? टेस्ट रिपोर्टवर सही कुणाची आहे, संज्योत?"

सही पारीस बिरनाळेंची होती.

"नळी लावून पडलेल्या माणसाला त्यात ओढायचंय तुला?"

मला हवी होती तशी सबब माझ्या हातात आयती आली. मी त्या क्षणी स्वतःला सांगून टाकलं की मी आण्णांसाठी गप्प बसतेय. तोंडात मिठाची गुळणी धरली आणि दोन ओळी बदलल्या.

त्यानंतरचे तीन महिने मला सांगता येत नाहीत. जेवताना, गाडीवरून जाताना, कपाटातून फाइल काढताना कपाटापलीकडून आवाज यायचा. "तीन!" भरदार, मैदानातला. आणि त्याला माझंच उत्तर. दोन्हींच्या मध्ये किती अंतर असायचं ते मी मोजायला लागले. अंतर नसायचंच. पलीकडे जाऊन बघितलं की रिकामं टेबल. मी टेबलाची जागा बदलून घेतली, तर आवाज नव्या जागी आला. आईला वाटलं माझं कुठंतरी लफडं चालू आहे. असतं तर बरं झालं असतं.

मे महिन्यात खरमाटे कंपनीत आले. मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. साहेब नव्हते, म्हणून वॉचमननं माझ्याकडे पाठवलं.

"म्याडम, मी दोनच बघितलं ओ," ते म्हणाले. बसलेसुद्धा नाहीत. "बारा वर्षं पॅनेलवर हाय मी. मला आकडा कळत न्हाई व्हय? गावात म्हणत्यात, दिनकर प्यालेला हुता. मी माळकरी माणूस. पोरगी धा दिवसांनी सासरी जाणार, तिच्या सासऱ्यानं फोन करून इचारलं, काय भानगड हाय म्हणून."

"तपास चालू आहे," मी म्हणाले.

"एवढंच सांगा, तुमचं मशीन चुकू शकतंय का?"

"तपास चालू आहे, काका."

त्यांनी मान डोलावली. पिशवी पुन्हा नीट घडी करून काखेत धरली. जाताना म्हणाले, "बिरनाळेआण्णाला सांगा, मी हाक मारली ती चांगल्यासाठीच मारली." मला वाटतं त्यांना त्या वेळी माझ्याकडून एकच शब्द हवा होता, आणि तो माझ्याजवळ होता.

आता सांगूनच टाकते. त्या टेस्टच्या दुपारी, "एक" नंतर, मी टेस्टची खिडकी खाली केली होती. पडद्यावर माझं पत्र उघडं होतं, सातव्या खेपेचं. कर्नलच्या लोकांकडे पाठवायच्या पत्राखाली एक रिवाज असतो. कुणी लिहिलं, कुणी वाचलं आणि कुणी तपासलं, त्यांची नावं शेवटी द्यायची. आण्णा पलीकडून "दोन" आणि "तीन" पुकारत होते तेव्हा मी "तपासलं" पुढे त्यांचं नाव टाइप करत होते. ते पुकारत होते आणि मी त्यांचा आकडा त्यांना परत देत होते. पडद्यावर काय लाल झालं ते मी पाहिलंच नाही.

जूनच्या शेवटी आण्णा आले.

दुपारचं जेवण झालं होतं. दारात कोण उभं आहे ते मला आधी कळलंच नाही. गळ्याला चौकड्याचा रुमाल, अंग निम्मं झालेलं, काळा चष्मा. सगळे उठून त्यांच्याभोवती जमले. कुणी पाठ थोपटली, कुणी खुर्ची आणली. ते हसले, हात जोडले. बोलले नाहीत. सुमनकाकी सोबत होत्या, त्यांनी सांगितलं, "आवाज न्हाई आता. जवळ कान नेला तर वाईच कळतंय."

मगदूम साहेबांनी स्वतः चहा आणला. "बिरनाळे, घाई नाही. पगार चालू आहे तुमचा. दोन महिने आणखी आराम करा."

आण्णांनी मान हलवली. खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. घरूनच लिहून आणला होता. गोल, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं अक्षर: 'तासगावचा बोर्ड परत आलाय ना? तो एकदा तपासायचा आहे.'

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तो बोर्ड कपाटात होता. माघारी आल्यापासून त्याला हात लावायचं माझं धाडस झालं नव्हतं. त्याच्यात अजून जुनीच फाइल होती.

"कशाला आता?" साहेब म्हणाले. "बोर्ड ठीक आहे. त्या ऑपरेटरची चूक."

आण्णांनी पुन्हा बोट त्याच ओळीवर ठेवलं. मग काकीच म्हणाल्या, "करू द्या ओ त्यांना. रातंदिस तेच चाललंय. म्हणत्यात, मी तपासलं आणि मीच त्यात सापडलो, मग माझंच काय चुकलं का?"

मी कपाट उघडलं. बोर्ड काढून त्यांच्या टेबलावर ठेवला, वायर जोडली. आण्णांनी खिशातून कार्ड काढलं. तेच कार्ड, दवाखान्यातही त्यांच्या शर्टात होतं म्हणे. मी पलीकडे गेले, पडद्यासमोर बसले. साहेब कपाटापाशी उभे राहिले, तिथून त्यांना आण्णा दिसत होते आणि मीही.

आवाज येणार नव्हता. मी वाकून कपाटाच्या बाजूनं पाहिलं. आण्णांनी एक बोट वर केलं.

"एक," मी म्हणाले.

त्यांनी कार्ड काढलं, सरळ तिसऱ्या कनेक्टरमध्ये घातलं. दोन सोडून दिला. लाल बटन दाबलं आणि उजवा हात वर केला. तीन बोटं. जोड लागली की पैलवान करतो तसा पूर्ण वर, कोपर ताठ.

पडद्यावरचा दुसरा चौकोन लाल झाला.

आण्णांना पडदा दिसत नव्हता. साहेबांनाही नाही. साहेबांचे ओठ 'तीन' म्हटल्यासारखे हलले, त्यांनी मला मानेनं किंचित खूण केली. एक शब्द म्हटला असता की आण्णा शांत घरी गेले असते आणि खरमाट्यांचा विषय कायमचा मिटला असता. कपाटापलीकडून तो जुना आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "तीन!" आणि माझं उत्तर जिभेवर आलंच होतं.

"दोन," मी म्हणाले.

हात वरच राहिला.

"आण्णा, पडद्यावर दोन आलंय. बोर्ड चुकीचं सांगतोय. माझी फाइल चुकली."

मगदूम साहेब केबिनमध्ये गेले. पुढचं सगळं त्यानंतर झालं. आठवडाभरानं त्यांनी सहीशिक्क्याचं पत्र कोल्ड स्टोअरेजला दिलं. खरमाटे कामावर परत गेले, पण तोवर मुलगी सासरी जाऊन महिना झाला होता. त्यांनी मला कधी फोन केला नाही आणि मीही केला नाही. कर्नलच्या लोकांकडे दुरुस्ती पाठवली, तिच्यात लिहिलं, 'तपासताना मी पडदा पाहिला नव्हता.' एकानं उत्तर दिलं की असं वैयक्तिक लिहायची गरज नाही. मी ते काढलं नाही. तिथलं काहीच पुसता येत नाही. जगात कुठंही कुणी ती फाइल काढून तिचा इतिहास पाहिला, तर पहिल्या नोंदीखाली आजही दिसतं: तपासलं, पारीस बिरनाळे.

पण त्या दुपारी आण्णा कपाटाला वळसा घालून माझ्याकडे आले. पडद्याकडे पाहिलं. लाल चौकोन, दोन आकडा. मी उठायला लागले, तर त्यांनी खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं आणि माझ्या कानाशी वाकले. रुमालाखालून श्वासाची घरघर आली, त्यात शब्द होते. मला नीट ऐकायला वेळ लागला.

"मला ठावं हुतं."

"काय आण्णा?"

"तवा. मी तीन म्हणायच्या आधीच तू तीन म्हणालीस."

मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"माझा शब्द पुरा व्हायच्या आत आलं तुझं. बघून कोण इतक्या लवकर म्हणतंय? कळलं मला. पण म्हटलं, पोरगी हुशार हाय." त्यांना दम लागला. ते थांबले. "हात दिसला न्हाई, तरी मी जोड लागली म्हणून टाकली."

मला रडू आलं, मोठ्यानं. काकी धावत आल्या. आण्णांनी त्यांना हातानंच थांबवलं. मग ते सावकाश वळले, कपाटापलीकडे आपल्या टेबलापाशी गेले. तीनमधून कार्ड काढलं, फुंकर मारली. श्वास पुरला नाही म्हणून बाहीनं पुसलं आणि चौथ्या कनेक्टरमध्ये घातलं.

हात वर गेला. चार बोटं.

मी डोळे पुसले आणि पडद्याकडे पाहिलं.